माफी कुणी द्यायची? गुन्हा, कायदा आणि शिक्षेकडे बघण्याची ख्रिस्ती आणि मुस्लिम रीत

साखर पेठ (धागाकर्ता)

खून झाला की माफ करण्याचा हक्क कुणाचा? सरकारचा, देवाचा, की ज्यांच्या घरातला माणूस गेला त्यांचा?

माझी सगळी नोकरी सोलापूरच्या कोर्टात बेंच क्लार्क म्हणून झाली. खटल्याचं नाव 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक'. ज्याचा मुलगा मारला गेला तो बाप व्हरांड्यातल्या बाकावर बसलेला. पुकारा झाला की आत यायचा, जबाब द्यायचा, अंगठा किंवा सही करून निघून जायचा. पुढची तारीख काय, जामीन झाला का, शिक्षा किती झाली, हे त्याला बऱ्याचदा चहाच्या टपरीवर कळायचं. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला, तेव्हा ठरवून दोन परंपरांचं वाचन केलं, ख्रिस्ती आणि मुस्लिम. हिंदू धर्मशास्त्रातल्या दंडनीतीवर मराठीत बरंच लिहिलं गेलंय, त्यासाठी वेगळा धागा काढू.

सुरुवात दोघांचीही एकाच ठिकाणाहून होते. जुन्या करारात, निर्गमच्या २१व्या अध्यायात 'डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात' आहे. लोक याला क्रूर म्हणतात. मला उलट वाटतं. एका डोळ्यासाठी आख्खं कुटुंब कापून काढणाऱ्या काळात 'एकाच डोळ्यापुरतं' असं सांगणं म्हणजे सूडाला घातलेली मर्यादा आहे. कुरआनात सूरह मायदाच्या ४५व्या आयतीत हाच नियम तौरातचा हवाला देऊन येतो. त्यात पुढे असंही आहे की जो हा हक्क सोडून देईल त्याच्यासाठी ते प्रायश्चित्त ठरेल.

इथून वाटा फुटतात. मोशेच्या नियमशास्त्रात, गणनाच्या ३५व्या अध्यायात, खुन्याच्या जिवाबद्दल पैसे घेऊ नका अशी स्पष्ट मनाई आहे. रक्तानं भूमी विटाळते, ती पैशानं शुद्ध होत नाही. कुरआन (सूरह बकरा, १७८) मृताच्या वारसांना मोकळीक देतो. हवं तर बदला मागा, हवं तर भरपाई घ्या, हवं तर तसंच सोडा. ही सवलत तुमच्या पालनकर्त्याची कृपा आहे असंही तिथेच म्हटलंय. आणि येशू डोंगरावरच्या प्रवचनात 'डोळ्याबद्दल डोळा'चं नाव घेऊन सांगतो की दुसरा गाल पुढे करा.

म्हणजे एक माफी देता येते म्हणतो, एक माफी द्याच म्हणतो. पण दोघंही बोलतात ते ज्याला इजा झाली त्याच्याशी. आमच्या कोर्टात त्याच्याशीच कुणी बोलत नाही.

हे असं कधी झालं तेही शोधलं. बंगाल इलाख्यात कंपनी सरकारनं सुरुवातीला इस्लामी फौजदारी कायदाच चालू ठेवला होता. १७९० मध्ये कॉर्नवॉलिसनं खुनाच्या खटल्यात वारसांचा माफीचा हक्क काढून घेतला. आपल्याकडे १८१८ मध्ये इंग्रज आले, १८२७ मध्ये एल्फिन्स्टनची नियमसंहिता आली आणि १ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंड संहिता. गुन्हा हा राज्याविरुद्धचा गुन्हा, ही कल्पना तेव्हापासून पक्की झाली. १ जुलै २०२४ ला न्याय संहिता आली तरी मूळ ढाचा तोच.

दोन्ही समाजातल्या जाणकारांनी लिहावं. दुसऱ्याच्या धर्माची मापं काढायला हा धागा नाही.

सातरस्ता

वाचतोय. चांगला विषय.

विजापूर वेस

साहेब, मी वकिली करतो, फौजदारीच जास्त. तुमच्या हातून माझ्या कितीतरी तारखा लागल्या असतील.

आधी एक गोष्ट स्वच्छ करतो, कारण दर वेळी गल्लत होते. भारतात मुसलमानांसाठी वेगळा फौजदारी कायदा नाही. १९३७ चा शरियत कायदा लग्न, तलाक, वारसा, वक्फ अशा बाबींपुरता आहे. चोरी, मारामारी, खून यात नई जिंदगीतल्या माणसाला आणि जुळे सोलापुरातल्या माणसाला एकच कलम लागतं. त्यामुळे खाली जे लिहितोय ते फिकहचं, म्हणजे धर्मशास्त्राचं आहे.

फिकहमध्ये गुन्ह्यांचे ढोबळ तीन वर्ग आहेत. पहिला हद. यात शिक्षा ठरलेली आहे, तो अल्लाहचा हक्क मानला जातो, काझीकडे प्रकरण पोहोचलं की कुणाला माफ करता येत नाही. चोरी, वाटमारी, व्यभिचार, व्यभिचाराचा खोटा आरोप हे त्यातले. दुसरा किसास, म्हणजे खून आणि शारीरिक इजा. तुमचा विषय हाच. हा बंद्याचा, म्हणजे माणसाचा हक्क, म्हणून वारसांना माफीचा अधिकार. तिसरा ताझीर. उरलेलं सगळं यात येतं आणि शिक्षा काझीच्या किंवा शासनाच्या विवेकावर. इतिहासात बहुतेक मुस्लिम राज्यांचा रोजचा कारभार या तिसऱ्या वर्गावरच चालला. लोकांना मात्र फक्त पहिला वर्ग माहीत असतो.

पहिल्या वर्गाबद्दलही थोडं सांगतो. व्यभिचारासाठी चार प्रत्यक्षदर्शी साक्षीदार लागतात. चार जमले नाहीत तर आरोप करणाऱ्यालाच ऐंशी फटके (सूरह नूर, आयत ४). ही अट बायकांवर चिखलफेक करणाऱ्यांची तोंडं बंद करण्यासाठी आहे. शंका असेल तर हद टाळा, हे फुकहांचं, म्हणजे फिकहच्या जाणकारांचं, सर्वमान्य सूत्र आहे. माइझ नावाच्या माणसानं स्वतःहून येऊन गुन्हा कबूल केला तेव्हा पैगंबरांनी (स.) पुन्हा पुन्हा तोंड फिरवलं, परत जा म्हणाले. तो ऐकेचना, तेव्हा शिक्षा झाली. दुसऱ्याचं ऐब (दोष) झाकणाऱ्याचं ऐब अल्लाह झाकतो, ही हदीस (पैगंबरांचं वचन) आमच्या घरात लहानपणापासून कानावर आहे.

आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती मखझूम कबिल्यातल्या बाईची हदीस. मोठ्या घरची बाई, चोरी करताना सापडली. घरच्यांनी उसामा बिन जैद यांना रदबदलीसाठी पाठवलं. पैगंबर संतापले. तुमच्या आधीच्या कौमा याचमुळे बुडाल्या, त्यांच्यातला प्रतिष्ठित माणूस चोरी करायचा तर सोडून द्यायचे आणि गरिबानं केली तर शिक्षा करायचे, असं म्हणाले. माझी मुलगी फातिमा असती तरी मी हेच केलं असतं, असंही म्हणाले. आज कोणत्याही कोर्टात बसून बघा, या हदीसची गरज संपलीय का ते.

लॉ थर्ड इयर

सर, मग चोराचा हात तोडण्याचं काय? ते तर कुरआनात थेट आहे ना?

विजापूर वेस

आहे. मायदा, आयत ३८. पुढच्याच आयतीत तौबा करून सुधारणाऱ्याबद्दल आहे, ती कुणी वाचत नाही. शिवाय अटी आहेत. हनफी मतानुसार माल किमान दहा दिरहमचा हवा, बंदोबस्तात ठेवलेला हवा, भुकेपोटी केलेली चोरी नको, चोराचा त्या मालात काही वाटा नको. हिजरी १८ च्या सुमारास अरबस्तानात मोठा दुष्काळ पडला तेव्हा हजरत उमर यांनी ही शिक्षा स्थगित ठेवली. लोक उपाशी असतील तर चोराच्या आधी राज्यकर्त्याला जाब विचारला पाहिजे, हा त्याचा अर्थ मी घेतो.

काही देशांत आज या अटी बाजूला सारून शिक्षा तेवढी उचलली जाते. त्याचा मी बचाव करणार नाही.

उमेदपूर

माझं लिहिणं थोडं लांबेल, माफ करा.

आम्ही मराठी ख्रिस्ती, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायातली गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. व्यभिचारात पकडलेली बाई, हातात दगड घेतलेले लोक, आणि ज्यानं पाप केलं नसेल त्यानं पहिला दगड मारावा हे येशूचं उत्तर. एकेक जण निघून जातो. मला त्यातलं पुढचं वाक्य अधिक महत्त्वाचं वाटतं. मीही तुला दोषी ठरवत नाही, जा, यापुढे पाप करू नको. गुन्हा झालाच नाही असं तो म्हणत नाही. विजापूर वेस यांनी माइझची हकिकत सांगितली, ती वाचताना मला हीच गोष्ट आठवत होती. दोन्हीकडे न्याय करणारा माणूस शिक्षेची घाई करत नाही.

पण ख्रिस्ती परंपरा एवढीच नाही. पौलानं रोमकरांस पत्रात तेराव्या अध्यायात लिहिलंय की अधिकारी उगाच तलवार बाळगत नाही, तो देवाचा सेवक आहे. या एका अध्यायाच्या आधारे चर्चनं शेकडो वर्षं फाशीचं समर्थन केलं. ल्यूथरनं तर मांडणीच केली की देवाची दोन राज्यं आहेत, एक क्षमेचं आणि एक तलवारीचं. गाल पुढे करायचा तो माणूस म्हणून, न्यायाधीश म्हणून नाही. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडी ठरवलेल्यांना शिक्षा देणारं धर्मन्यायालय, चाललं (मध्ये काही वर्षं बंद होतं). क्षमेचा धर्म हातात सत्ता आली की काय करतो, ते आपल्या शेजारीच घडलेलं आहे.

बदल व्हायला फार काळ गेला. १९९५ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे म्हणाले की फाशीची खरी गरज पडेल असे प्रसंग जवळजवळ उरलेलेच नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातला परिच्छेदच बदलला. फाशी कोणत्याही परिस्थितीत स्वीकारार्ह नाही, असं आता तिथे लिहिलंय. आम्ही प्रोटेस्टंट, पोपचा शब्द आमच्यावर बंधनकारक नाही, आणि आमच्यात या प्रश्नावर एकमत नाही. माझं मत फाशीच्या विरोधात आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशात मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी, गाडीत जिवंत जाळली गेली. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. पण क्षमा वेगळी आणि कायद्यानं होणारे परिणाम वेगळे, हेही त्यांनी स्पष्ट केलं होतं. मुख्य आरोपीला २००३ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली गेली, २००५ मध्ये उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेवर आणली, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. दुसरं उदाहरण सिस्टर राणी मारिया यांचं. २५ फेब्रुवारी १९९५ ला मध्य प्रदेशात बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. २००२ मध्ये त्यांच्या धाकट्या बहिणीनं, त्याही नन, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. २००६ मध्ये तो सुटला, त्या सुटकेला घरच्यांचाही पाठिंबा होता.

म्हणजे आमच्याकडे माफी देणाऱ्याच्या हातात कायद्याचा कागद नसतो. ती त्याच्या आणि देवाच्या मधली गोष्ट आहे. ग्लॅडिस यांना कोर्टानं विचारलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या, हा प्रश्न आमच्या बायबल अभ्यासात निघाला होता. त्यावर दोन तट पडले.

आणि आता जे मला खरं लिहायचं होतं ते. माझं नाव उमेदपूर का, हे सोलापूरच्या जुन्या लोकांना कळलं असेल. आमचे आजोबा तिथल्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे गुन्हेगार ठरवलेल्या जातींच्या वसाहतीत, तारेच्या कुंपणात जन्मले. जात कैकाडी. १८७१ च्या कायद्यानं, आणि मुंबई इलाख्यात १९११ नंतर, काही जाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या गेल्या. रोजची हजेरी, बाहेर जायला पास, गिरणीत काम आणि संध्याकाळी परत तारेच्या आत. सोलापूरच्या या वसाहतीचा कारभार काही वर्षं आमच्याच मिशनकडे होता. मिशननं शाळा दिली, आजोबा लिहायला शिकले, माझ्या घरात आज पुस्तकं आहेत ती त्यामुळे. हे ऋण मी नाकारत नाही. पण 'दोषी ठरवत नाही' म्हणणाऱ्या प्रभूचे सेवक पाळण्यातल्या लेकराला दोषी ठरवणारा कायदा राबवत होते, हेही मी झाकणार नाही. मुंबई राज्यात १९४९ मध्ये आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. पोलिसांची नजर गेली नाही. अजूनही कुठे घरफोडी झाली की पहिली गाडी आमच्या वस्तीत येते.

सातरस्ता

उमेदपूर, शेवटचा परिच्छेद वाचून अंगावर काटा आला. तारेच्या आत छप्परबंद लोकही होते का? ते मुस्लिम ना?

उमेदपूर

छप्परबंद मुस्लिमच. खोटी नाणी पाडणारी जात असा शिक्का त्यांच्यावर होता, आणि महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत ते आजही आहेत. आमच्या वसाहतीत किती होते ते मला सांगता येणार नाही. पण जन्मजात गुन्हेगार ही कल्पना बायबलला मान्य नाही आणि कुरआनलाही नाही, इथे मी आणि विजापूर वेस एकाच बाजूला असू.

विजापूर वेस

शंभर टक्के. कुणीही दुसऱ्याच्या पापाचं ओझं वाहणार नाही, असं कुरआनात एकापेक्षा जास्त ठिकाणी आहे. आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तुरुंग नियमावल्यांमधले जातीवर आधारलेले नियम रद्द केले. विमुक्त जातींना सराईत गुन्हेगार समजण्याचा मुद्दा त्यात नाव घेऊन आहे. वकिलांच्या टेबलावर या निकालाची प्रत फारशी दिसत नाही. असायला हवी.

रियाधहून सोलापूरकर

मी इथे बरीच वर्षं नोकरी करतोय, मूळचा बेगम पेठेतला. दियतबद्दल, म्हणजे मृताच्या वारसांना द्यायच्या भरपाईबद्दल, पुस्तकाबाहेरचं थोडं सांगतो.

इथल्या कोर्टात हक्क खास आणि हक्क आम असे दोन भाग असतात. खास म्हणजे मृताच्या वारसांचा, आम म्हणजे समाजाचा. वारसांनी सोडलं तरी सरकार आपल्या भागाची कैद देऊ शकतं. कोळिकोडच्या एका ड्रायव्हरची केस सगळ्यांनी वाचली असेल. २००६ पासून तुरुंगात होता. २०२४ मध्ये केरळच्या लोकांनी वर्गणी काढून चौतीस कोटी उभे केले, हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती सगळ्यांनी. वारसांनी पैसे घेतले, मृत्युदंड रद्द झाला. पण हक्क आमची कैद त्याला भोगावीच लागली.

माझ्या मनात दोन गोष्टी एकत्र नांदतात. एक माणूस फासावरून उतरला, त्यासाठी अनोळखी लोकांनी पैसे दिले, याचा आनंद खरा आहे. पण ज्याच्यासाठी कुणी वर्गणी काढत नाही त्याचं काय? बांगलादेशचा, नेपाळचा मजूर असेल तर? शास्त्रात भरपाईचं माप ठरलेलं आहे, शंभर उंट किंवा तेवढ्या किमतीचं. पण हेतुपुरस्सर खुनात वारस राजी होण्यासाठी कितीही मागू शकतात आणि कोटींमध्ये मागतात. उलेमासुद्धा याबद्दल नाराजी बोलून दाखवतात.

होटगी रोड

मी कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेसमध्ये समुपदेशन करते. इतका वेळ गप्प होते, कारण सगळे चांगलं लिहीत होते. पण माफीचा हक्क घरच्यांना द्या असं म्हणताना खून करणारा घरातलाच असेल तर काय, हे कुणी विचारलं नाही.

पाकिस्तानात १९९० मध्ये किसास आणि दियतचा अध्यादेश आला. भावानं बहिणीला मारायचं आणि बापानं वारस म्हणून त्याला माफ करायचं, ही वाट त्यातून मोकळी झाली. जुलै २०१६ मध्ये कंदील बलोचचा तिच्या भावानं खून केला, देश हादरला, आणि त्याच वर्षी कायदा बदलून अशा खुनात माफीनंतरही जन्मठेप ठेवली. तरी फेब्रुवारी २०२२ मध्ये, आई-वडिलांच्या माफीनंतर, तो भाऊ अपिलात सुटला. पारंपरिक फिकहमध्ये बाईची दियत पुरुषाच्या निम्मी धरली जाते हेही इथे कुणी लिहिलं नाही.

चर्चकडेही बघा. नवऱ्यानं हात उगारला तरी क्षमा कर, तुझा क्रूस आहे तो, हे वाक्य मी बायकांच्या तोंडून ऐकलंय आणि ते त्यांना कुणीतरी शिकवलेलं असतं. मुलांवरच्या अत्याचाराच्या प्रकरणांवर तर जगभर वर्षानुवर्षं पांघरूण घातलं गेलं. कॅथलिक चर्चनं अशा प्रकरणांवरची अधिकृत गुप्तता डिसेंबर २०१९ मध्ये उठवली. इतक्या उशिरा.

माफी ताकदवानानं दुबळ्याला दिली तर ती माफी. दुबळ्याकडून वसूल केली जाते तिला काय म्हणायचं? माझ्यासमोर बसलेल्या बाईला तिच्या जातीचे, गल्लीचे, दोन्हीकडचे नातेवाईक सांगत असतात की मिटवून टाक. अशा वेळी 'शासन विरुद्ध अमुक' हे नावच तिचं संरक्षण असतं. तिला म्हणता येतं, बाबांनो, केस माझ्या हातात नाही. साखर पेठ काका, तुम्ही ज्या गोष्टीला पीडिताची हकालपट्टी म्हणताय ती कितीजणींची ढाल आहे, हेही लक्षात घ्या.

उमेदपूर

ताई, क्रूसाबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते आमच्या पाळकांनी वाचावं म्हणून मी पाठवतोय. येशूनं उचलला तो स्वतःचा क्रूस होता, दुसऱ्याच्या खांद्यावर त्यानं तो ठेवला नाही. लूकच्या १७व्या अध्यायात 'तुझ्या भावानं अपराध केला तर त्याला दोष दाखव आणि त्यानं पश्चात्ताप केला तर क्षमा कर' असा क्रम आहे. दोष दाखवणं आधी आहे. मारणाऱ्या नवऱ्याला पोलिसांकडे नेणं हे त्या वाक्याच्या विरोधात जात नाही, असं मी जाहीरपणे म्हणेन.

विजापूर वेस

निम्म्या दियतीबद्दल. पारंपरिक मत तसंच आहे. त्याचा आधार कुरआनात मिळत नाही, कुरआनाची आयत दियत सांगताना स्त्री-पुरुष भेद करत नाही. ईजिप्तचे शेख महमूद शलतूत, जे पुढे अल-अझहरचे प्रमुख झाले, यांनी समान दियतचा पुरस्कार केला होता. मी त्यांच्या बाजूचा आहे.

घरातल्या खुनाबद्दल ताईंचा मुद्दा बिनतोड आहे आणि फिकहमध्येही त्याला जागा आहे. मालिकी मतात हेतुपुरस्सर खुनाला वारसांनी माफी दिली तरी खुन्याला शंभर फटके आणि वर्षभर कैद सांगितलीय. समाजाचा हक्क उरतोच, हे तत्त्व जुनंच आहे. पाकिस्ताननं कायदा करताना ते पातळ केलं.

अपघाती मृत्यूच्या बाबतीत मात्र मला दियत फार शहाणी व्यवस्था वाटते. सूरह निसा, आयत ९२. चुकून मारलं तर घरच्यांना भरपाई, आणि जुन्या काळी ती एकट्यानं न देता त्याच्या टोळीनं मिळून द्यायची. आपल्या मोटार अपघात न्यायाधिकरणात विमा कंपनीकडून भरपाई मिळते, तिचं तत्त्व याहून फार वेगळं नाही.

लॉ थर्ड इयर

१२ जानेवारीचा विषय इथे बसतो का? कॉलेजमध्ये दर वर्षी चार हुतात्म्यांना अभिवादन असतं. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन. १९३१ मध्ये येरवड्यात फाशी. आरोप पोलिसांच्या खुनाचा, सगळं कायद्यानुसार. मला वाटतं, शिक्षा झाली म्हणून माणूस गुन्हेगार ठरत नाही हे सोलापूरला वेगळं शिकवायला नको.

उमेदपूर

बसतो. आमची सगळी श्रद्धाच कोर्टानं मृत्युदंड दिलेल्या एका निरपराध माणसाभोवती उभी आहे. मी फाशीच्या विरोधात आहे त्याचं पहिलं कारण हेच.

साखर पेठ (धागाकर्ता)

होटगी रोड ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. सुटका करण्याचा अधिकार घरच्यांना द्या असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं त्यांना ऐकून घेण्याबद्दल आहे. ढाल पाहिजेच, पण तिच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला बोलताही आलं पाहिजे.

कायदा हळूहळू त्या दिशेला सरकतोय. २००९ पासून पीडिताला निर्दोष सुटकेविरुद्ध स्वतः अपील करता येतं. एप्रिल २०२२ मध्ये लखीमपूर खीरीच्या जामिनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताला म्हणणं मांडायचा हक्क आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत सरकारला खटला मागे घ्यायचा असेल तर आधी पीडिताला विचारावं लागतं. पण हे सगळं कागदावर. मोहोळ, मंद्रूप, अक्कलकोटहून एसटीनं येणाऱ्या माणसाला हे सांगणार कोण? धर्मानं निदान हे केलं की प्रवचनात, खुतब्यात त्याला थेट हाक मारली. तुझं काय म्हणणं आहे, तू काय करणार आहेस, असं विचारलं. पोलीस ठाण्यात त्याला कुणी बस म्हणत नाही.

मोहोळकडून

नमस्कार. मी नवीन सभासद आहे. धागा वाचत होतो म्हणून लिहायचं धाडस करतो.

माझ्या थोरल्या भावाचा शेताच्या बांधावरून झालेल्या भांडणात खून झाला. आरोपी अटकेत आहेत. मी आणि वहिनी दोघंही साक्षीदार आहोत. पोलीस तपासाचं काही सांगत नाहीत. समोरच्यांकडून निरोप येतायत की पैसे घ्या, साक्षीत थोडं इकडचं तिकडं करा, गावात राहायचंय ना. आमचे काही पाहुणेही म्हणतात की भाऊ तर परत येणार नाही, पोरांचं शिक्षण होईल. वर कुणी दियतचं लिहिलंय, तसंच हे आहे का? आपल्यात असं चालतं का?

विजापूर वेस

नाही. हे दियत अजिबात नाही. दियत उघड असते, न्यायाधीशासमोर, गुन्हा कबूल किंवा सिद्ध झाल्यावर, आणि वारसानं राजीखुशीनं घेतलेली. तुमच्याकडे येतायत ती साक्ष विकत घ्यायची बोली आहे. माझ्या धर्मात खोटी साक्ष महापापांमध्ये मोजली जाते, आणि कायद्यातही तो गुन्हा आहे. साधी मारहाण, बदनामी असले गुन्हे आपल्या कायद्यात तडजोडीनं मिटतात. खून मिटत नाही. तुम्ही साक्ष फिरवलीत तर आरोपी सुटेल आणि खोट्या साक्षीचं प्रकरण तुमच्यावर शेकेल.

आता काय करायचं ते. निरोप कोण आणतं, कधी आणतं, ते तारखेसह लिहून ठेवा, फोनवरचे मेसेज पुसू नका. साक्षीदाराला धमकावणं हा वेगळा गुन्हा आहे, त्याची लेखी तक्रार करा. साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ खाली संरक्षणासाठी अर्ज करता येतो, त्यावर जिल्हा न्यायाधीशांची समिती निर्णय घेते. तपास कुठवर आला हे पोलिसांनी तुम्हाला नव्वद दिवसांत कळवायचं असतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ खाली. सरकारी वकिलाला मदत करायला कोर्टाच्या परवानगीनं तुमचा वकील लावता येतो.

होटगी रोड

आणि भाऊ, पोरांच्या शिक्षणाचा प्रश्न खरा आहे, त्यावर पाहुण्यांना गप्प करून भागणार नाही. पीडित भरपाई योजनेतून (त्याच संहितेचं कलम ३९६) वहिनींना मदत मिळू शकते. खटला संपेपर्यंत थांबावं लागतं असं नाही, अंतरिम मदतही मागता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय सोलापूरच्या कोर्टाच्या आवारातच आहे. बायकांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. वहिनींना एकटीला पाठवू नका, सोबत जा.

मोहोळकडून

वहिनीला वाचून दाखवलं. पैसे नकोत, असं तीच आधीपासून म्हणत होती, आम्हीच डळमळत होतो. सोमवारी येतो सोलापूरला. कागद काय काय लागतील?

साखर पेठ (धागाकर्ता)

एफआयआरची प्रत (ती मोफत मिळते, पैसे मागितले तर देऊ नका), पोस्टमॉर्टेमचा अहवाल मिळाला असेल तर तो, मृत्यूचा दाखला, वहिनींचं आधार आणि बँक पासबुक, मुलांचे जन्मदाखले, रेशनकार्ड. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. अकराच्या आत पोहोचा, नंतर गर्दी होते. गेटवरून मला निरोप करा, मी तिथे थांबतो.